कुंडीतली माती आणि तिचा पीएच
(मंडळाच्या 'आपला छंद' कार्यक्रमातील भाषण)



मी डिप्लोमावाला माणूस, शेतकी कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नाही. वीसेक वर्षं डब्यांच्या बॅटऱ्या सांभाळतोय. तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या.

२०१६ साली झाशीला बदली झाली, तेव्हा आईने कराडहून लाल जास्वंदीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. गणपतीला घरचं फूल हवं, हा तिचा हट्ट. २०१९ मध्ये आई गेली. दोन वर्षांनी झाड पिवळं पडू लागलं. कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. मी शेणखत घातलं, राख घातली, झाड आणखीच पिवळं.

हे लक्षण लोह न मिळाल्याचं. गंमत म्हणजे लोह मातीत असतं, पण पीएच साडेसातच्या वर गेला की मुळांना ते घेता येत नाही. आमच्या क्वार्टरला बोअरचं जड पाणी, कुंडीच्या कडेला पांढरा थर. रोज तेच पाणी घालून माती अल्कधर्मी होत गेली, आणि राखेनं मी त्यात भर घातली!

हैड्रोमीटर लावल्याशिवाय आपण सेलला हात लावत नाही. मातीला मात्र न मोजताच औषध. आता मोजतो असं: तीन-चार इंच खालची माती सावलीत वाळवून चाळायची. एक भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नको, नाहीतर नळाचाच पीएच मोजाल. अधूनमधून ढवळून अर्धा तास ठेवायचं आणि वरच्या निवळीत पीएचचा कागद बुडवायचा. पेनसारखा मीटर असेल तर आधी ७ आणि ४ च्या बफरमध्ये जुळवून घ्या. मातीत खुपसायचे स्वस्त काटे मला भरवशाचे वाटले नाहीत. माझा आकडा आला ८.३. जास्वंदीला सहा ते सात बरा. आकडा एकाने वाढला म्हणजे फरक दहापटीचा, हे विसरू नका.

मग अतिशहाणपणा सुचला. बॅटरीचं आम्ल पातळ करून आधी एका गुलाबाला घातलं. आठवड्यात गुलाब गेला. आईच्या झाडावर प्रयोग केला नाही, एवढंच नशीब.

मातीवर व्हिनेगर टाकलं तर फसफसली. म्हणजे चुना मोकळा होता, बहुधा क्वार्टरच्या डागडुजीचा राडारोडा. अशा मातीत गंधक घालणं वाया, चुनाच ते खातो. माती बदलली, पालापाचोळ्याचं खत निम्मं घातलं. फसफसत नसेल तर बारा इंची कुंडीला छोटा चमचाभर गंधकाची भुकटी पुरे. जिवाणू तिचं आम्ल करतात, त्याला दोन महिने लागतात. तोवर पुन्हा घालू नका, पुन्हा मोजा. पानांसाठी हिराकस, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी फवारायचा. पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून तेच घालतो.

आसामकडे बदली झाली तर हे सगळं उलटं, तिथे माती आम्ल, चुना लागेल.

गेल्या महिन्यात ६.८ आला. आज आरतीला दोन फुलं त्याच झाडाची होती. खबरदारी म्हणून त्याच्या तीन फांद्या वेगळ्या लावल्यात, एक कुणाला हवी असेल तर सांगा. पीएच कागदाची वही माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी वाळवलेली माती घेऊन या.