घरबसल्या काम, पण कोणाच्या वेळेने?

(परळ येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाला 'व्हर्च्युअल असिस्टंट' असे भारदस्त नाव आहे. साध्या भाषेत, घरी बसून दुसऱ्याचे ऑफिस सांभाळणारी बाई. दादरच्या डॉक्टरांच्या पेशंटना वेळा देणे, लालबागच्या मसालेवाल्याच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरे देणे, एखाद्या सीएची बिले आणि फायली लावणे, परदेशातल्या कुणाच्या ई-मेल निवडून ठेवणे. पूर्वी आपल्याकडच्या मुली मॅट्रिक झाल्या की टायपिंगच्या क्लासला जात, सरकारी परीक्षा देत आणि फोर्टातल्या ऑफिसात लागत. आता ऑफिसच खोलीत आले आहे. त्याच्यामागून साहेबही आत आला आहे, याचा विचार मात्र आपण थोडा कमी केला.

घरून पैसे मिळवणे गिरणगावातल्या बाईला नवे नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात लोहाणा निवासाच्या गच्चीवर ७ बायका ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या आणि लिज्जत उभे राहिले. परळ-लालबागच्या खोल्यांमधून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या होत्या. त्यांची सावकाराच्या व्याजातून सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या थांबल्या, तेव्हा कितीतरी चुली बाईच्या अशाच कमाईवर पेटत राहिल्या.

लिज्जतची बहीण केंद्रावर जाऊन पीठ आणते, घरी लाटते, वाळलेले पापड परत नेऊन वजन करून देते आणि मजुरी घेते. काम घरात, पण मोजमाप चारचौघींसमोर. संगणकावर काम करणाऱ्या आपल्या मुलीला हे मोजमापच नाही. शेजारच्या चाळीत तेच काम करणारी दुसरी किती घेते, हेही तिला ठाऊक नसते.

आपल्या गटातल्या एकीचा हिशेब सांगते, तिची परवानगी घेऊन. महिना ८,००० रुपये ठरले, 'रोज दोनेक तासांचं काम आहे' असे तोंडी सांगून. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२ तास, म्हणजे तासाला सुमारे १५४ रुपये. ठीक. मी तिला पंधरा दिवस वहीत वेळ लिहायला लावली. सरासरी निघाली रोज ५ तास. महिन्याचे १३० तास, तासाला ६२ रुपयेसुद्धा नाहीत. त्यातून लॅपटॉपचा हप्ता, इंटरनेट आणि वीज तिचीच. ती वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, वाढलेले तीन तास गेले कुठे?" ते गेले होते 'जरा एक मिनिट' या शब्दांत. रात्री साडेनऊला पोळ्या करताना आलेला मेसेज, त्याला दिलेले 'ओके सर', मग त्यावरून आलेला दुसरा मेसेज.

म्हणून शिष्टाचाराकडे मी थोडी वेगळ्या बाजूने बघते. शिष्टाचार म्हटला की आपल्याला खालमानेने बोलणे आठवते. बाजारात मिळणाऱ्या कोर्समध्येही तेच शिकवतात: हसून बोला, लगेच उत्तर द्या, नाही म्हणू नका. हा धंद्याचा शिष्टाचार नव्हे, ही तर सुनेची शिकवण झाली! वकील, डॉक्टर, सीए यांचा शिष्टाचार बघा. त्यांची वेळ ठरलेली असते, फी ठरलेली असते, आणि भेटीबाहेरचा प्रश्न ते गोड शब्दांत उद्यावर ढकलतात. तो आपण उचलायचा.

साधनांचे म्हणाल तर फार लागत नाही. कामासाठी वेगळा नंबर आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. त्यात कामाच्या वेळा घालता येतात, आणि वेळेबाहेर कोणी लिहिले तर 'आपला निरोप मिळाला, उद्या सकाळी १० नंतर उत्तर देते' असे उत्तर आपोआप जाते. मग रात्री हात पोळीवरून हलवायचा नाही. ई-मेलला विषयाची ओळ हवी. 'अर्जंट' हा विषय होत नाही. पन्नास गिऱ्हाइकांना एकच पत्र जाणार असेल तर पत्ते बीसीसीत, नाहीतर एकाचा पत्ता दुसऱ्याला उघडा पडतो. मालकाचा पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला लावू नका. आणि काम देण्याआधीच 'नोंदणी फी' मागणारा भेटला तर ती फसवणूक समजा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

व्हिडिओ कॉलला खोली दिसते याची काहीजणींना लाज वाटते. १६० चौरस फुटांच्या बीडीडीच्या खोलीत मागे भांड्यांची मांडणी दिसणारच. पार्श्वभूमी धूसर करा किंवा करू नका, तुमची मर्जी. आवाजाचे मात्र आधी सांगून टाका. गणपतीच्या दिवसांत आपल्या खोलीत शांतता आहे असे कोणी म्हणत असेल, तर ती खोली लालबागमध्ये नाही. 'या तारखांना फोन नाही, लेखी काम चालू राहील' असे आठवडाभर आधी कळवले की कोणी रागावत नाही.

सगळ्यात अवघड प्रकरण 'ताई'चे. ओळखीचा दुकानदार ताई म्हणतो, बेटा म्हणतो, 'तू घरचीच आहेस' म्हणतो, आणि पुढच्या वाक्यात दर कमी करतो. नाते तोंडी राहू द्या, व्यवहार कागदावर आणा. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला केसची नोंद ठेवायला शिकवतात: तारीख, वेळ, कोण काय म्हणाले. तीच सवय इथे लावा. फोन संपला की दोन ओळी पाठवा: 'आताच्या बोलण्याप्रमाणे रोज सकाळी १० ते १२ काम, महिना ८,००० रुपये, जादा तासाला १५० रुपये, पैसे दर महिन्याच्या ५ तारखेला. यात काही बदल असल्यास आज कळवावे.' यात एक शब्दही उद्धट नाही. पण ज्याला पुढे नाकबूल व्हायचे आहे, त्याला हीच ओळ टोचते.

ही ओळ कायद्यालाही लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधारवर होते. काम घेण्याआधी ती केलेली असली, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे देशातल्या गिऱ्हाइकाने ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काहीच ठरले नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आठवणीच्या पत्रात हा कायदा नुसता नमूद केला तरी कधीकधी पैसे येतात, हे आपल्या गटाने पाहिले आहे.

आता जड विषय. एकीला गिऱ्हाईक रात्री व्हिडिओ लावून बोलायला सांगे, कपड्यांवर शेरे मारी. तिला वाटे, मी नोकरीत नाही, तक्रार कुठे करू? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या ठिकाणात घरही येते, आणि तक्रार करणारी बाई पगारी नोकर असलीच पाहिजे असे नाही. ऑफिसात समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग हे सगळे मुंबई शहर जिल्ह्यात येते. मुदत ३ महिन्यांची आहे. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट मैत्रिणीकडेही ठेवा.

एक पेच मी सोडवू शकलेले नाही. उद्यमच्या कागदावर आपण उद्योजिका. पण एकच मालक, त्याच्याच वेळा, त्याचाच दर, तर ती मजुरीच. घरी राहून मालकासाठी वस्तू किंवा सेवा देणारी ती गृहाधारित कामगार, असे २००८ च्या असंघटित कामगार कायद्यात होते. तीच व्याख्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गृहाधारित कामगारांबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ चा. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तीन-चार गिऱ्हाइके असलेली आणि एकाच गिऱ्हाइकाला बांधलेली, या दोघींच्या मागण्या वेगळ्या राहणार. त्या वेगवेगळ्या मांडाव्यात असे मला वाटते, काहीजणींना पटणार नाही.

दर ठरवायला मात्र दोघींनी एकत्र बसावे. फळ्यावर आज आपण नाव न लिहिता प्रत्येकीचा तासाचा दर लिहिणार आहोत. ज्यांनी वही आणली नाही त्यांनी आठवून लिहा. आणि ज्यांच्या बिलाला ४५ दिवस उलटून गेले आहेत त्या जेवणानंतर खिडकीजवळच्या टेबलाशी थांबा. उद्यमचा नंबर, बिल आणि ती दोन ओळींची पत्रे बरोबर असू द्या.