कडेवरचे भावंड आणि शाळेचा पट



नागपूर जिल्ह्यातील काटोल, सावनेर या भागांत कार्तिकमासी कापसाची वेचणी सुरू होते. आई भाकरी बांधून वावरात निघते आणि दोन वर्षांचे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर येते. ते उंबरठा ओलांडते, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल अंगणभर ओढते, दिसेल त्या वस्तूचे नाव विचारते. त्याचे शिक्षण असे घरीच चालू असते. बहिणीचे मात्र थांबते. पटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते.

हा प्रश्न जुना आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आल्या. धाकट्याची सोय झाली, म्हणजे थोरलीस वर्गात बसता येई.

१९७५ पासून शासकीय अंगणवाड्या निघाल्या. परंतु तेथील पूर्वप्राथमिक वर्ग तीन वर्षांपुढील मुलांसाठी आहेत. त्याहून लहान मूल बहुधा घरच्यांवरच सोपविलेले असते. म्हणून शिक्षकाने गैरहजर मुलीच्या घरी जावे. आजीशी, शेजारणीशी बोलून वेचणीपुरती व्यवस्था लावावी. तेही न जमल्यास तिला भावंडासह वर्गात बसू द्यावे. कोपऱ्यात लाकडी बैल ओढणाऱ्या बालकामुळे धड्यात थोडा व्यत्यय येईल. परंतु बहिणीचा धडा बुडणार नाही.