शी, ने आणि 'विथ'

इंग्रजी शब्दकोशात सर्वांत अधिक जागा कोणते शब्द व्यापतात, असे विचारले तर बहुतेकांच्या मनात मोठमोठे, उच्चारायला अवघड असे शब्द येतील. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. एखाद्या वनस्पतीचे किंवा यंत्राचे भारदस्त नाव कोशात दोन-तीन ओळींत आटोपते. 'ऑफ', 'बाय', 'फॉर', 'विथ' असली चिमुकली शब्दयोगी अव्यये मात्र रकानेच्या रकाने अडवून बसतात. शाळेत यांची ओळख अगदी सोपी करून दिलेली असते. 'विथ' म्हणजे 'सह', एवढे पाठ केले की विद्यार्थी निश्चिंत होतो. पुढे तो इंग्रजी वाचू लागला, लिहू लागला, की ही निश्चिंती हळूहळू नाहीशी होते; आणि प्रसंगी या एका अव्ययापायी चांगले जाणते लोकही अडखळतात.

इंग्रज माणूस दिवसभरात या अव्ययाकडून किती कामे करून घेतो ते पाहण्यासारखे आहे. तो मित्राबरोबर फिरायला जातो ते 'विथ'ने, आणि सुरीने फळ कापतो तेही 'विथ'नेच. थंडीने कुडकुडतो, काळजीपूर्वक लिहितो, घागर पाण्याने भरतो, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतो, दाढीवाल्या गृहस्थाला ओळखतो, शेजाऱ्याशी भांडतो, या सर्व ठिकाणी त्याला दुसरा शब्द लागत नाही. वयाबरोबर शहाणपण येते, हे सांगतानाही 'विथ' येतो. आणि एवढी संपत्ती असूनही तो सुखी नाही, हे सांगतानाही येतो. मराठीत हीच वाक्ये लिहायची तर 'बरोबर', 'ने', 'पूर्वक', 'कडे', 'वाला', 'शी', 'असूनही' अशी निरनिराळी माणसे बोलवावी लागतात. वैद्याने मधातून घ्यायला सांगितलेली मात्रा इंग्रजीत मधा'विथ'च घेतली जाते. अर्थात 'विथ म्हणजे सह' हे समीकरण या यादीतील फार थोड्या वाक्यांना लागू पडते.

या पसाऱ्याचे मूळ शोधू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'विथ' या शब्दाचा मुख्य अर्थ 'सह' नव्हताच. तो होता 'समोर', 'उलट', 'विरुद्ध'. सोबतीचा अर्थ सांगण्यासाठी त्या भाषेत 'मिड' असा वेगळा शब्द होता. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद 'मिट' आजही त्याच कामावर आहे. पुढे इंग्रजीत 'विथ'ने 'मिड'ची जागा हळूहळू बळकावली आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास 'मिड' व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला. त्याची एक खूण मात्र राहिली. सुईणीला इंग्रजीत 'मिडवाइफ' म्हणतात. त्यातील 'वाइफ' म्हणजे पत्नी नव्हे, तर केवळ स्त्री. आणि 'मिड' म्हणजे सोबत. बाळंतिणीच्या सोबत असणारी स्त्री ती 'मिडवाइफ'. इकडे 'विथ'चा जुना, विरोधाचा अर्थही काही जोडशब्दांत टिकून आहे. 'विथस्टँड' म्हणजे विरोधात उभे राहणे, टिकाव धरणे. 'विथहोल्ड' म्हणजे हातचे रोखून धरणे. 'विथड्रॉ' म्हणजे मागे घेणे. यांपैकी कोणत्याही शब्दात सोबतीचा लवलेश नाही.

विरोधाचा शब्द सोबतीचा कसा झाला? भाषाशास्त्रज्ञ याची जी कारणे देतात त्यांत एक सहज पटण्याजोगे आहे. लढाई एकट्याने होत नाही. दोन मल्ल समोरासमोर उभे राहतात तेव्हा ते परस्परांचे विरोधक असतात, परंतु एकाच कृतीतील भागीदारही असतात. 'समोर' या अर्थातून 'त्याच कृतीत सहभागी' हा अर्थ निघतो, आणि त्यातून 'सोबत' हा अर्थ निघायला फार दूर जावे लागत नाही.

या जुन्या आणि नव्या अर्थांचे भांडण इंग्रजीत अद्याप मिटलेले नाही. १८१५ साली वॉटर्लूच्या मैदानावर ब्रिटिश सैन्य फ्रेंचांशी लढले. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्य फ्रेंचांच्या खांद्याला खांदा लावून रशियाविरुद्ध लढले. इंग्रजीत 'फॉट विथ द फ्रेंच' हे एकच वाक्य या दोन्ही प्रसंगांना शोभते. कोणता अर्थ घ्यावा हे इतिहास ठाऊक असणाऱ्यालाच कळते. क्रिमियातील ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी आपला उजवा हात वॉटर्लूला गमावला होता. क्रिमियात शत्रूचा उल्लेख करताना ते सवयीने 'फ्रेंच' असेच म्हणून जात, आणि फ्रेंच सहकाऱ्यांना अवघडल्यासारखे होई, असे सांगतात.

मराठी श्रोत्याला याची गंमत वाटेल. पण त्याच्या स्वतःच्या भाषेत हेच घडत आले आहे, हे त्याच्या सहसा ध्यानी येत नाही. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे इंग्रजां'शी' तह केला, आणि त्याच बाजीरावाचे १८१७ साली खडकी येथे इंग्रजां'शी' युद्ध झाले. तहाला जो 'शी', तोच युद्धाला. मैत्री त्याच्याशी, वैरही त्याच्याशी. लग्न तिच्याशी, भांडणही तिच्याशी. इंदूर-ग्वाल्हेरकडे राहणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक आहे की हिंदीचा 'से' तर याच्याही पुढे जातो. दोस्त से मिलना, दुश्मन से लड़ना, चाकू से काटना आणि घर से निकलना, ही चारही कामे तो एकटा उरकतो. तेव्हा 'विथ'चा गोंधळ हा काही इंग्रजीचाच खास दोष नव्हे. दोन माणसे एकमेकांसमोर आली की ती भेटणार की भिडणार, हे अव्यय ठरवीत नाही, क्रियापद ठरवते.

दुसरा प्रश्न असा की, मित्र आणि सुरी यांना इंग्रजीने एकाच अव्ययात का बसवावे? एक सोबती आहे आणि दुसरे साधन. याचेही उत्तर घरातच आहे. मराठीच्या परंपरागत व्याकरणात तृतीयेचे एकवचनी प्रत्यय म्हणून 'ने, ए, शी' असे पाठ करून घेतात. त्यांतील 'ने' साधन दाखवतो आणि 'शी' संबंधातील दुसरी व्यक्ती दाखवतो; परंतु दोघांचे बिऱ्हाड एकाच विभक्तीत आहे. संस्कृतातही पाणिनीने कर्ता आणि करण यांसाठी तृतीया सांगितली आणि लगेच 'सह'च्या योगाने येणाऱ्या गौण सोबत्यासाठीही तृतीयाच सांगितली. पिता पुत्रासह येतो तेव्हा पुत्राला जी विभक्ती, तीच लाकूड तोडणाऱ्याच्या कुऱ्हाडीला. काम करताना माणूस जे बरोबर नेतो, ते सजीव असेल तर सोबती आणि निर्जीव असेल तर साधन, एवढाच तो भेद. तो भेद या भाषांनी बहुधा नामाकडे सोपवला आणि संबंधाची खूण मात्र एकच ठेवली.

हे सारे केवळ व्याकरणाचे कुतूहल असते तर ते पंडितांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु ज्या देशाचा राज्यकारभार, न्यायदान आणि उच्च शिक्षण दीर्घकाळ इंग्रजीतून चालले, आणि जेथे ते देशी भाषांत आणण्याचे काम अद्याप चालू आहे, तेथे एका अव्ययाचा अर्थ व्यवहाराला जाऊन भिडतो. सरकारी नस्तीवरील एक साधे उदाहरण घ्यावे. इंग्रजीत एखाद्याच्या मता'विथ' 'अॅग्री' होणे आणि एखाद्या प्रस्तावा'टू' 'अॅग्री' होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत मत जुळते. दुसरीत संमती दिली जाते. मराठीत पहिलीला 'मताशी सहमत' म्हणावे आणि दुसरीला 'प्रस्तावास मान्यता'. सहमती हा अभिप्राय आहे. मान्यता हा आदेशाचा पाया आहे. अधिकाऱ्याने केवळ सहमती दर्शवली असता खालच्या कार्यालयाने ती मान्यता समजून खर्च केला, तर पुढे लेखापरीक्षक त्या एका अक्षराचा जाब विचारल्यावाचून राहणार नाही.

फौजदारी कायद्यात तर अपराध आणि निरपराधित्व यांच्यामधली सीमा कधी कधी 'विथ'वर आखलेली असते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ४४१ वे कलम फौजदारीपात्र आगळिकीचे होते. दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत शिरणे एवढ्याने तो अपराध पुरा होत नसे. अपराध करण्याच्या अथवा ताबेदाराला धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या किंवा त्याला त्रास देण्याच्या 'उद्देशाने' शिरणे आवश्यक असे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. येथे इंग्रजी मसुद्यात 'विथ इंटेन्ट' असे शब्द आहेत. हा 'विथ' सोबतीचाही नव्हे आणि सुरीसारख्या साधनाचाही नव्हे. तो कृतीला मनाशी जोडतो. भाषांतरकाराने तेथे 'उद्देशासह' लिहिले असते तर वाक्य कळले असते, पण उद्देश हे कृतीबरोबर वाहून आणलेले ओझे वाटले असते. 'उद्देशाने' यातील 'ने' उद्देशाला कृतीचा प्रेरक ठरवतो, आणि कायद्याला तेच अभिप्रेत आहे.

याहून मोठा प्रश्न राज्यघटनेतील आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपतींनी कशी करावी, हे सांगताना १२४ व्या अनुच्छेदात न्यायाधीशांशी, विशेषतः सरन्यायाधीशांशी, विचारविनिमय करण्याची अट घातलेली आहे. त्याऐवजी सरन्यायाधीशांची संमती आवश्यक करावी, अशी सूचना घटना समितीत आली होती. २४ मे १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तेही मनुष्यच आहेत, आणि त्यांच्या हाती असा नकाराधिकार देणे धोक्याचे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे न्यायालयापुढे वाद आला तो 'कन्सल्टेशन' या शब्दाच्या अर्थाचा. १९८१ च्या निकालाने विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे असे ठरवले. १९९३ च्या निकालाने तो अर्थ बदलला आणि सरन्यायाधीशांच्या, ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या विचाराने बनलेल्या, मताला प्राधान्य दिले. त्यातूनच न्यायाधीशवृंदाची पद्धत रूढ झाली. २०१४ मध्ये घटनादुरुस्ती करून तिच्या जागी आयोग आणण्यात आला, तो २०१५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला. या निकालांत 'विथ'चे नाव घेऊन कोणी वाद घातला नाही, हे खरे. परंतु मराठीत हा वाद मांडू गेल्यास त्याचा गाभा दोन प्रत्ययांत दिसतो: सरन्यायाधीशां'शी' विचारविनिमय, की सरन्यायाधीशां'ची' संमती? 'शी'मध्ये दोन पक्ष असतात आणि निर्णय कोणाचा, हा प्रश्न शिल्लक राहतो. 'ची'मध्ये शेवटचा शब्द कोणाचा, ते सांगून टाकलेले असते. घटनाकारांनी 'शी'चा मार्ग निवडला; आणि दोन पक्षांत मतभेद झाला तर काय, या प्रश्नाची उत्तरे पुढे न्यायालयाला वेळोवेळी द्यावी लागली.

आजकाल संगणक क्षणार्धात भाषांतर करून देतो. त्याच्या अभ्यासकांनाही हे अव्यय दीर्घकाळ त्रास देत आले आहे. 'त्याने दुर्बीण विथ माणूस पाहिला' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यात दुर्बीण पाहणाऱ्याच्या हाती आहे की पाहिल्या गेलेल्या माणसाच्या, हे त्या शब्दांवरून ठरत नाही. मराठी भाषांतरकाराला मात्र ते ठरवावेच लागते. 'दुर्बिणीतून माणूस पाहिला' किंवा 'दुर्बीण घेतलेला माणूस पाहिला', यांपैकी एकाची निवड केल्याशिवाय त्याची लेखणी पुढे सरकत नाही.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला 'विथ म्हणजे सह' एवढेच सांगून थांबू नये. 'तिच्याशी लग्न' या मराठी वळणावर भरवसा ठेवून तो इंग्रजीत 'विथ' लिहितो, तेथे इंग्रजीला 'टू' हवा असतो. 'त्याच्यावर रागावला' म्हणताना तो 'ऑन' लिहितो, तेथे नेमका 'विथ' हवा असतो. शब्दाला शब्द शोधण्याआधी त्याला नाते शोधायला शिकवावे. हा सोबती आहे, साधन आहे, कारण आहे, की प्रतिपक्ष आहे? नाते ओळखले की मराठी प्रत्यय आपोआप सुचतो, आणि इंग्रजी अव्ययही हळूहळू अंगवळणी पडते.

'विथ'चे दूरचे नाते संस्कृतातील 'वि' या उपसर्गाशी लावतात. वियोग, विच्छेद, विभाग या शब्दांत जो 'वि' अलगपणा दाखवतो, तोच हा. मराठी व्याकरणाने नामांचे परस्परसंबंध दाखवणाऱ्या योजनेला जे नाव दिले, त्या 'विभक्ती' शब्दाच्या आरंभीही तोच 'वि' उभा आहे.