कोंबडी टिकली तर तारीख चुकत नाही

(औंढा नागनाथ येथे वनहक्क दावेदारांच्या बैठकीत झालेलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. गावात मोठ्यानं वाचून दाखवावं.)



सकाळपासून दाव्यांवर बोलणं झालं. पुरावे झाले, म्हाताऱ्या माणसांचे जबाब झाले, मोजणी झाली. आता मी कोंबड्यांवर बोलणार आहे. हसू नका.

दावा टाकल्यापासून तुम्ही कितीदा तालुक्याला आलात? एसटीचं भाडं, झेरॉक्स, फोटो, वर त्या दिवसाची बुडालेली मजुरी. हे पैसे कुठून आले? सोयाबीनचा पैसा तर घरात यायच्या आधीच दुकानदाराच्या वहीत गेलेला असतो. लई घरांत दोन कोंबडे बाजारात गेले, तेव्हा तारखेला जाता आलं. कोंबडी म्हणजे बाईच्या हातातली रोकड. तिच्यासाठी सावकाराच्या दारात उभं राहावं लागत नाही. कायद्यानं पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. मग तारखेला बाईनंही जायला पाहिजे, आणि जायला तिच्या गाठीला पैसा पाहिजे. खुराडं रिकामं झालं की दाव्याच्या मागं फिरणं पण थांबतं.

खुराडं रिकामं कोण करतं? सगळ्यात आधी मानमोडी. सरकारी दवाखान्यात हिलाच राणीखेत म्हणतात. कोंबडी झुरते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरं हगते, मान वाकडी करते. एकीला झालं की आठ दिवसांत गल्लीभर जातं. एकदा रोग लागला की त्याला औषध नाही. हळद पाजा, कांदा घाला, काही होत नाही. उपाय एकच, आधी लस.

लसीचा हिशोब नीट ऐका. पिलू सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चार आठवड्यांनी परत थेंब. आठ आठवड्यांचं झालं की सुई. पुढं दर सहा महिन्यांनी. आपल्याकडं लक्षात ठेवायला सोपं आहे. एक लस शिवरात्रीच्या जत्रेआधी, म्हणजे ऊन तापायच्या आत. दुसरी पोळ्याच्या सुमारास.

आता अडचण. लसीची लहान बाटली शंभर कोंबड्यांची येते. ती बर्फात आणावी लागते, आणि पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते. कोणाच्या घरी शंभर कोंबड्या आहेत? कोणाच्याच नाहीत. बारा-पंधरा घरं मिळून शंभर होतात. म्हणून एकटी बाई दवाखान्यात गेली तर बाटली परवडत नाही, आणि ती रिकाम्या हातानं येते. गावानं यादी करून, तारीख ठरवून मागितली तर लस येते. जसा दावा ग्रामसभेतून जातो, तशी लस पण गावातून मागायची. लस द्यायची ती दिवस उगवायच्या आधी, कोंबड्या खुराड्यात असतानाच. आजारी कोंबडीला देऊ नका.

दुसरी गोष्ट पिलांची. देशी कोंबडी वर्षातून तीनदा-चारदा अंड्यावर येते. धरा, तीनदा बारा अंडी बसवली. छत्तीस अंड्यांची पंचवीस-सव्वीस पिलं निघाली. त्यातली विकायच्या वयाला किती पोचतात? आपल्याच घरचं मोजा. बाकीची घार नेते, मुंगूस नेतं, रानमांजर नेतं. पहिला महिनाभर आई आणि पिलं डालग्याखाली ठेवा. मोठ्या कोंबड्या पिलांचं खाणं हिसकतात, म्हणून ज्वारीची कणी डालग्याच्या आतच टाका. फुटक्या मडक्यात ओलं शेण आणि काड्या भरून वारुळाजवळ रात्रभर पालथं घाला. सकाळी वाळवी भरलेली असते. पिलांना याच्यासारखं खाणं नाही, आणि पैसा लागत नाही. खुडूक कोंबडीखाली जुनी अंडी ठेवू नका. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या वरची नकोत. सातव्या रात्री दिव्यासमोर अंडं धरून बघा. आत लाल शिरा दिसल्या तर पिलू आहे. कोरं असेल तर काढून टाका, बाकीच्यांना ऊब मिळते.

तिसरी गोष्ट. आता गावोगाव गिरिराज, वनराज अशा सुधारित जातीची पिलं वाटतात. वाईट नाहीत. देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, या शंभराच्या वर देतात. पण त्या अंड्यावर बसत नाहीत. अंगानं जड, घारीला पळून चुकवता येत नाही. देशी सगळी विकून टाकली तर पुढच्या वर्षी पिलांसाठी परत दुसऱ्याच्या दारात. म्हणून मिसळ ठेवा. बसायला देशी, अंड्याला सुधारित. सुधारितांची अंडी देशी कोंबडीखाली बसवता येतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. तोच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवू नका, त्याच्याच पोरी त्याच्याखाली येतात आणि पिलं किरटी निघतात. दुसऱ्या गावच्या बहिणीशी अदलाबदल करा. आणि बाजारातून आणलेली, किंवा न विकता परत आलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवा. मानमोडी बहुतेक वेळा बाजाराच्या पिशवीतूनच घरात येते.

एक गोष्ट नवापूरची. नंदुरबार जिल्ह्यातला आदिवासी तालुका. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या मोठ्या पोल्ट्र्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. आजूबाजूच्या पट्ट्यातल्या कोंबड्या मारून पुरल्या. त्यात आदिवासींच्या परसातल्या कोंबड्या पण गेल्या. सरकारची भरपाई असते ती मारलेल्या कोंबडीची. आधीच मरून फेकलेली कोंबडी मोजणीत येत नाही. म्हणून कुठं एकदम कोंबड्या मरायल्या तर लपवू नका, नाल्यात फेकू नका, खाऊ नका. खोल पुरा, वर चुना टाका, त्याच दिवशी दवाखान्याला कळवा. आणि गावाच्या वहीत घरवार किती कोंबड्या हे आधीच लिहिलेलं असू द्या. लिहिलेलं नसलं की आपलं नव्हतंच म्हणतात. जमिनीचं आपण हेच भोगलंय.

शेवटचं, थोडं कडू बोलते. पाहणीला कोणी आलं, मधला माणूस आला, की कोंबडी कापायची आपल्याला सवय आहे. पाहुण्याला जेवू घालावं, तो आपला रिवाज आहे. पण दावा पुढं सरकावा म्हणून कोंबडी देऊ नका. वनहक्काच्या दाव्याला फी नाही, आणि कोंबडीही लागत नाही. दावा फेटाळला तर लेखी कारण मागा. साठ दिवसांत वर अर्ज करता येतो. त्या अर्जाच्या भाड्याला ती कोंबडी ठेवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं तीन गोष्टी आणायच्या. घरवार कोंबड्यांची यादी. लस टोचायला शिकणाऱ्या दोन पोरींची नावं. आणि शिवरात्रीच्या आतली लसीची तारीख. दाव्यांच्या यादीच्या मागच्या बाजूलाच लिहा, म्हणजे दोन्ही कागद सोबत राहतील.

जय आदिवासी!