पावतीपुस्तकाचे बळ : कामगार संघटना, काल आणि आज

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



यंदा मी कामगार संघटनांवर बोलणार हे कळल्यावर आपल्या कार्यकारिणीतले एक काका म्हणाले, "अरे, गणपतीपुढे संप-मोर्चे कशाला?" मी म्हटले, "काका, अनंत चतुर्दशीला रात्रभर जागून आपण ज्या झांक्या बघतो, त्या कोणाच्या?" काका हसले आणि गप्प बसले. हुकमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी. झांक्यांची ही नावे म्हणजे आपल्या इंदूरच्या कापड मिलचीच नावे. मिल बंद पडल्या, भोंगे थांबले, तरी मजुरांनी पदरमोड करून, वर्गणी मागून झांकी चालू ठेवली. तेव्हा हा विषय बाप्पाच्या मांडवात परका नाही.

दुसरा धागा लोकमान्यांचा. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्या वेळी त्यांच्यापाशी ना नोंदलेली संघटना होती, ना संपाला कायद्याचे संरक्षण. पगार बुडणार हे माहीत असूनही माणसे गिरणीबाहेर पडली.

पण सुरुवात त्याआधीची आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्यात जन्मलेले, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. ते स्वतः गिरणीत नोकरीला होते. तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी नव्हती. १८८४ साली लोखंड्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आज ऐकल्या तर आश्चर्य वाटेल : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारी सकाळी आपण निवांत पोहे-जिलेबी खातो, त्या निवांतपणामागे हे साडेपाच हजार अंगठे आणि सह्या आहेत.

लोखंड्यांच्या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, घटना नव्हती, निधीही नव्हता. संघटनेला कायद्याचे अंग यायला आणखी चाळीस वर्षे लागली. १९१८ मध्ये मद्रासला बी. पी. वाडियांनी मद्रास लेबर युनियन उभी केली. मालक कंपनी न्यायालयात गेली आणि तिने वाडियांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. कामगारांना एकत्र करणे हाच जणू गुन्हा ठरला! त्या धक्क्यानंतर ना. म. जोशी यांनी विधिमंडळात पाठपुरावा केला आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. १९२० साली मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक स्थापन झाली, तिच्या मागेही हेच जोशी होते.

या कायद्याचे मर्म साधे होते. सात जण एकत्र येऊन नोंदणी करू शकत. मग सभासदांची यादी ठेवायची, वर्गणीची पावती द्यायची, हिशेब तपासून घ्यायचा आणि दरवर्षी निबंधकाकडे विवरण पाठवायचे. राजकारणासाठी पैसा लागला तर वेगळा निधी करावा, आणि त्यात पैसे देण्याची सक्ती सभासदावर करता येत नसे. आपले गणेश मंडळ ज्या शिस्तीने चालावे अशी आपली अपेक्षा असते, तीच ही शिस्त. पावतीपुस्तक चोख असेल तर माणसे उभी राहतात. ते गेले की मंडळही जाते आणि युनियनही.

मुंबईत गिरणी म्हणतात, आपल्याकडे मिल. आपल्याकडच्या चळवळीला दोन वळणे होती. एक अहमदाबादचे. १९१८ च्या संपात गांधीजींनी उपोषण केले, लवादाने ३५ टक्के वाढ दिली आणि १९२० साली मजूर महाजन उभा राहिला. आधी बोलणी, मग लवाद, संप अगदी शेवटी, ही ती रीत. आपले व्ही. व्ही. द्रविड या गांधीवादी वळणाचे. ते पुढे मध्य प्रदेशाचे कामगार मंत्री झाले. दुसरे वळण लाल बावट्याचे. कॉम्रेड होमी दाजी १९६२ साली इंदूरहून लोकसभेवर गेले, ते मिलच्या फाटकावर केलेल्या भाषणांच्या बळावर. दोन्ही बाजू एकमेकांशी कडाडून भांडल्या. पण आमच्या लहानपणी घरात दाजींचे नाव निघाले, की त्यांना मत न देणारेसुद्धा आदराने बोलत.

आता कडू भाग. संघटना नेहमी जिंकत नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मुंबईच्या १९४६ च्या कायद्याप्रमाणे एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक युनियनला बोलणी करण्याचा अधिकार होता. कामगारांचा त्या युनियनवर विश्वास उरला नव्हता, आणि विश्वास होता त्या सामंतांना बोलणीच्या टेबलावर जागा नव्हती. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. प्रतिनिधी कोण हे कामगारांनी न ठरवता कागदाने ठरवले की काय होते, ते गिरणगावाने भोगले.

आपल्या शहराने वेगळे भोगले. १२ डिसेंबर १९९१ ला हुकमचंद मिल बंद झाली. जवळजवळ सहा हजार कामगारांची देणी अडकली. त्यांनी ना दगड उचलला, ना दावा सोडला. ते फाटकावर जमत राहिले आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. २५ डिसेंबर २०२३ रोजी २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला. बत्तीस वर्षांनी! याला विजय म्हणायचे का, मला ठरवता येत नाही. कित्येकांचे पैसे त्यांच्या विधवांच्या आणि मुलांच्या हाती पडले. आमच्या गल्लीत एका मिलमधले निवृत्त जॉबर काका होते. त्यांनी आपली हजेरीची कार्डे आणि युनियनच्या पावत्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपल्या होत्या. ते म्हणत, "मालक गेला, मिल गेली, मी इथे होतो याचा पुरावा एवढाच." काका गेले, तेव्हा डबा भरलेलाच होता.

मी स्वतः डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो. पहिल्या काही वर्षांत माझी वेतननिश्चिती चुकली. एकट्याने तीन अर्ज केले, एकाचेही उत्तर आले नाही. मग आमच्या संघाच्या एका ज्येष्ठांनी माझ्यासारखी सगळी प्रकरणे गोळा केली, एकच यादी केली आणि ती घेऊन साहेबांसमोर बसले. घोषणा नाही, धरणे नाही. चार महिन्यांत आदेश निघाले. माझा अर्ज तोच होता. फरक यादीचा होता. आम्हा सरकारी नोकरांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितले. तरी यादी करण्याचा, भेट मागण्याचा आणि दाद मागण्याचा मार्ग उरतोच.

आमचीही चूक सांगतो. काम झाल्यावर त्या यादीतले निम्मे लोक पुढच्या वर्षी वर्गणी द्यायला आले नाहीत. संघटना म्हणजे आजारपणातला डॉक्टर असे आपण समजतो. बरे झालो की विसरतो. मग पाच-सहा माणसे वर्षानुवर्षे पदावर बसतात आणि आपणच म्हणतो, "पुढारी खातात."

आज प्रश्न आपल्याच घरात आला आहे. एखाद्याचा मुलगा ठेकेदाराकडे आहे, एखाद्याची मुलगी खासगी शाळेत, कोणाचा पुतण्या मोबाइलवरच्या ऑर्डरी पोचवतो. त्याचा साहेब त्याला कधी दिसतच नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगार पाठीशी असलेल्या युनियनला एकट्याने बोलणी करण्याचा मान आहे. पण ज्यांना एकमेकांचे चेहरे माहीत नाहीत, त्यांनी ५१ टक्के जमवायचे कुठे? लोखंड्यांना निदान गिरणीचे फाटक होते.

म्हणून माझी विनंती लहानशी आहे. या दहा दिवसांत मुले घरी येतील. मोदक वाढताना त्यांना विचारा : नेमणुकीचे पत्र हातात आहे का? भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक माहीत आहे का? तुझ्यासारखे काम करणारे आणखी कोण आहेत, त्यांची नावे सांगता येतील का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. संघटना तिथूनच सुरू होते.

आणि चतुर्दशीला झांक्यांना गेलात, तर रोषणाई बघून झाल्यावर गाडीमागून चालणाऱ्या पांढऱ्या केसांच्या माणसांकडेही बघा. त्यांच्या हातात वर्गणीचे पावतीपुस्तक असेल. एक पावती फाडून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!