फोडणीआधी काढलेला वाटा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर पशुवैद्याला उभे करणे हे संयोजकांचे धाडसच म्हटले पाहिजे. परंतु विषय त्यांनी अचूक निवडला आहे. आपल्यापैकी अनेक जण नोकरीच्या निमित्ताने या शहरात आले आणि स्थिरावले. मागाहून आईवडीलही आले. आणि गेल्या काही वर्षांत पुष्कळ घरांत आणखी एक सदस्य आला, तो चार पायांचा. आपण जेवायला बसलो की तो ताटाशेजारी येऊन बसतो. त्याला आपल्या ताटातले द्यावे की देऊ नये, हा प्रश्न माझ्या दवाखान्यात रोज येतो. वरकरणी तो क्षुल्लक वाटतो, पण त्यावरून सासू-सुनांमध्ये अबोला धरलेला मी पाहिला आहे.

कुत्र्याला घास देणे ही आपल्याकडे आजची गोष्ट नाही. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. (पशुवैद्य म्हणून माझी तक्रार तुपापुरती आहे. कथेबद्दल नाही.) खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो, त्याच्यासारखा भुंकतो आणि कोटंब्यातले अन्न खातो. याच देवाला कर्नाटकात मैलारलिंग म्हणतात. तेथील गोरवही काही विधींत कुत्र्याप्रमाणे वाकून पात्रातले दूध आणि केळी खातात. जेजुरी आणि मैलार यांच्यामध्ये भाषा बदलते, पण देवाच्या घरचे अन्न खाणारा कुत्रा बदलत नाही. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आपले आयुष्य या परंपरेच्या अभ्यासाला वाहिले होते.

परंपरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धर्मशास्त्राने वैश्वदेवाच्या वेळी कुत्र्यासाठी जमिनीवर अन्न ठेवायला सांगितले, पण त्याच यादीत समाजाने दूर लोटलेली माणसेही कुत्र्याच्या शेजारी नेऊन बसवली. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती त्या महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्यासाठी माणसांना 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह करावा लागला. तेव्हा आपली भूतदया फार मोठी होती, असे मी म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट यातून कळते. आपण कोणाला कोठे आणि कशा रीतीने अन्न देतो, त्यावरून आपण त्याला आपल्यात किती धरतो हे ठरते. म्हणूनच जेवणाच्या टेबलाजवळ कुत्र्याला घास देणाऱ्या आजीला 'हे बंद करा' असे फटकन सांगणे मला जमत नाही.

आता शरीराकडे वळू. कुत्रा हा लांडग्याच्या वंशातला आणि मांसाहारी, म्हणून आपले अन्न त्याला वर्ज्य, असे पुष्कळ जण ठामपणे सांगतात. ते अर्धसत्य आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचवणारे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात सामान्यतः दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. शेती करणाऱ्या समाजांच्या सोबतीने राहिलेल्या कुत्र्यांत त्या सरासरीने अधिक असतात. म्हणजे माणसाने धान्य पिकवले आणि त्या धान्याने कुत्र्याचे शरीरही बदलले. आपल्या राज्यातला मुधोळचा शिकारी कुत्रा ज्वारी-मक्याच्या कण्या आणि दूध यांवर गावोगावी वाढत आला आहे. त्याच्यावर 2005 साली भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. डब्यात मिळणारे कुत्र्याचे खाद्य हा त्या मानाने कालचा प्रकार आहे. जेम्स स्प्रॅट याने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकायला सुरुवात केली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

मग अडचण कोठे आहे? ती आपल्या बदललेल्या ताटात आहे. पूर्वी कुत्र्याच्या वाट्याला भाकरीचा तुकडा आणि ताकाचे पाणी येई. आज त्याच्यासमोर बिर्याणी, केक, मनुका घातलेला शिरा आणि बिनसाखरेचे च्युइंगगम येते.

काही वर्षांपूर्वीचे एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील गाळतो. मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी होत्या. मुलगा आणि सून दिवसभर कार्यालयात असत. शेजारी कन्नड, तमिळ, हिंदी बोलणारे. दिवसभरात मराठीत बोलायला त्यांना मिळे तो घरचा बीगल. पूजेच्या दिवशी त्यांनी प्रसादाचा शिरा केला आणि बोटांनी वेचून वेचून सगळ्या मनुका त्याला भरवल्या, कारण त्याला त्या फार आवडत. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याची मूत्रपिंडे जवळजवळ थांबली होती. पाचव्या दिवशी तो गेला. आजींनी मला एकच विचारले, "माझ्या हातून गेला का हो?" मी त्यांना सांगितले, "मनुकांनी गेला, आजी. तुम्हाला हे कोणी सांगितलेच नव्हते." ते खरे होते. घरात महागडे खाद्य होते, नियमित लसीकरण होते, पण मनुकांविषयी त्यांच्याशी मराठीत कोणी चार शब्द बोलले नव्हते. आज ते चार शब्द बोलतो.

द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला अजिबात देऊ नयेत. किती खाल्ल्यावर अपाय होईल, याचा नेम नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोड्याच पुरतात. त्यांतील टार्टारिक आम्ल हे कारण असावे, असे मत 2021 साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी मांडले आणि चिंचेतही तेच आम्ल विपुल असते. या शहरात सांबार, रस्सम आणि पुळिओगरे हे रोजचे खाणे. आपल्या घरातली चिंचगुळाची आमटीही त्याच पंगतीतली. तेव्हा आमटी-भात कालवून कुत्र्यापुढे ठेवण्याची सवय सोडून द्यावी.

कांदा आणि लसूण रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. दर किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात दखल घेण्याजोगे बदल दिसतात. दहा किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत हे दीड-दोन कांद्यांत होते. शिजवल्याने किंवा तळल्याने ते विष जात नाही, त्यामुळे रस्सा, भजी आणि कांदेपोहे तिन्ही वर्ज्य. चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. चॉकलेट जितके गडद, तितका धोका जास्त. फिल्टर कॉफीचा चोथा कचऱ्याच्या टोपलीत उघडा टाकू नका. साखरेऐवजी झायलिटॉल वापरलेले पदार्थ अर्ध्या तासात रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतात. शिजवलेली कोंबडीची हाडे दाताखाली फुटून टोकदार होतात. दिवाळीत तळणीचे पदार्थ खाऊन स्वादुपिंडाला सूज आलेले कुत्रे आमच्याकडे दरवर्षी येतात.

विषापेक्षाही अधिक कुत्रे प्रेमाच्या अतिरेकाने आजारी पडतात. दहा किलोच्या घरबशा कुत्र्याला दिवसाला सुमारे 500 ते 600 कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी साधारण 100 ते 120 कॅलरीची. आपल्याला ती नगण्य वाटते, त्याच्या दिवसाच्या गरजेचा मात्र तो पाचवा हिस्सा झाला. आजोबांनी एक, आजींनी एक आणि नातवाने टेबलाखालून एक दिली की हिशोब संपला. वरखाणे एकूण गरजेच्या दहा टक्क्यांच्या आत असावे, हा आमच्या व्यवसायातला सर्वमान्य नियम आहे. लॅब्रडॉर पाळणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. सुमारे एक-चतुर्थांश लॅब्रडॉरांत भुकेचे नियमन बिघडवणारा जनुकीय दोष असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांना 2016 साली आढळले. 'त्याचे पोटच भरत नाही' असे आपण म्हणतो ते काही वेळा शब्दशः खरे असते, पण त्यावर उपाय आणखी एक पोळी हा नव्हे. आणि त्याची ती केविलवाणी नजर! भुवईची आतली कड उचलणारा स्नायू कुत्र्यात चांगला विकसित झालेला असतो, लांडग्यात तो जवळजवळ नसतो. ती नजर माणसाच्या सहवासात हजारो वर्षे घडत आली आहे. तिच्यापुढे विरघळणारे आपण पहिले नव्हे.

उलट बाजूनेही एक चूक होते. घर शाकाहारी म्हणून किंवा सोपे म्हणून पिल्लाला केवळ दूध-पोळीवर किंवा दहीभातावर वाढवले जाते. वाढत्या पिल्लाला लागणारी प्रथिने आणि खनिजे त्यातून पुरेशी मिळत नाहीत, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांचे पाय वाकतात. घरच्या अन्नावर कुत्रा उत्तम वाढू शकतो, मात्र त्याचा आहार पशुवैद्याकडून आखून घ्यावा लागतो.

राहिला प्रश्न आजीच्या घासाचा. आपल्या स्वयंपाकघरात यावर उत्तर केव्हाच सापडलेले आहे. घरात लहान मूल असले की त्याचा वरणभात तिखट-मीठ आणि फोडणी घालण्याआधी बाजूला काढला जातो. नैवेद्यही कोणी चाखण्याआधी काढून ठेवतात. कुत्र्याचा वाटा तसाच काढावा. उकडलेला लाल भोपळा, गाजर किंवा फरसबी, मऊ भात, बिनतुपाच्या भाकरीचा तुकडा, चालत असेल त्या घरात उकडलेले अंडे. हे सारे मोजून, त्याच्या भांड्यात, त्याच्या जागी. ताटातले उचलून नव्हे. त्यामुळे ताटाशी लोचटपणा करण्याची सवयही लागत नाही. हा वाटा काढण्याचे काम घरातल्या ज्येष्ठांकडेच द्यावे, असा माझा आग्रह असतो. कुत्र्याचे वजन दर महिन्याला त्यांनीच वहीत लिहावे. ज्या घरांनी हे केले तेथे कुत्रा बारीक झाला आणि आजीचा घासही बंद झाला नाही.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. वर्ज्य पदार्थ कुत्र्याने खाल्ल्याचे लक्षात आले तर लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नका, त्याने जीव जाऊ शकतो. काय खाल्ले, किती खाल्ले आणि किती वाजता खाल्ले हे कागदावर लिहा, पुडीचे वेष्टन सोबत घ्या आणि तडक जवळच्या पशुवैद्याकडे जा.