मैदानावरचं शास्त्र

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत बारा वर्षांच्या मुलीचा सराव किती वाजता ठेवायचा, पाणी किती वेळाने द्यायचं, चक्कर आली तर आधी काय करायचं, हे नुसत्या उत्साहावर ठरत नाही. क्रीडा प्रशिक्षणाच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात शरीरक्रियाशास्त्र, आहार, मानसशास्त्र आणि सरावाचं नियोजन शिकवतात ते याचसाठी. विदर्भाला ही वाट नवी नाही. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आज तिथे शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते.

कुणी म्हणेल, चांगल्या खेळाडूला पदवी कशाला हवी? पण खेळाडूला स्वतःचं शरीर ओळखता आलं की भागतं. प्रशिक्षकाला वीस मुलांची वीस शरीरं ओळखावी लागतात. पुस्तकात खेळ कसा सापडणार, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याचं उत्तर वर्ध्यातच आहे. १९३७ च्या इथल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा गाभाच कृतीतून शिकणं हा होता. म्हणून प्रवेश घेताना इमारत पाहू नका. मैदानावर प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती, ते आधी विचारा.